मुंबईहून पुण्याला लाइव्ह रॉक कसा आणू आणि टाकी तयार होईपर्यंत कुठे ठेवू?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत एकजण आपली जुनी सॉल्टवॉटर टाकी मोडतोय, त्याच्याकडचा वीसेक किलो लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्री माशांच्या टाकीत ठेवतात तो जिवंत जीव वस्तीला असलेला सच्छिद्र दगड, तुम्हाला मिळतोय, पण तुमची टाकी अजून उभी राहिलेली नाही. पाण्यात बुडवून आणायचा का, असं विचारलंय. बुडवू नका, ओल्या कागदात गुंडाळून आणा.

या दगडात मोलाचं काय, तर त्याच्या छिद्राछिद्रांत वस्ती केलेले जिवाणू. माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियाचं ते नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. झाकणबंद बादलीत दगड बुडवले की त्यांच्यावरचे जीव तेवढ्या पाण्यातला प्राणवायू बघता बघता संपवतात. त्यातच एखादा किडा मेला की अमोनिया वाढतो आणि बाकीचेही जातात. दगड नुसता ओला असेल तर त्याला हवेतून प्राणवायू मिळत राहतो. अपवाद स्पंजचा, म्हणजे दगडाला चिकटून वाढणाऱ्या मऊ समुद्री जीवाचा. हवेत उघडा पडला की तो बहुधा मरतो. ज्या दगडांवर स्पंज भरपूर दिसतील तेवढे वेगळ्या बादलीत, पाण्यात, बॅटरीवरचा एअर पंप लावून आणा.

वर्तमानपत्र त्याच टाकीच्या पाण्यात भिजवा, नळाच्या पाण्यात अजिबात नको. एकेक दगड गुंडाळा आणि मासळीवाल्यांकडे असतो तसल्या थर्माकोलच्या खोक्यात, आत प्लास्टिक अंथरून, रचा. बर्फ घालू नका. खोका डिकीत न ठेवता एसीत, मागच्या सीटवर ठेवा. लोणावळ्याला जेवायला थांबलात तर गाडी उन्हात बंद करून जाऊ नका, उन्हाळ्यात तेवढ्यानेही सगळं मरतं.

निघण्यापूर्वी मालकाला दोन गोष्टी विचाराच. टाकीत माशांना कधी तांब्याचं औषध दिलं होतं का? दगड तांबं शोषून घेतो, ते पुढे पाण्यात उतरलं तर कोळंबी, गोगलगायी टिकत नाहीत. असा दगड फुकट मिळाला तरी मी घेणार नाही. दुसरं, दगड मुळात कुठला? कारखान्यात बनवलेला, टाकीत राहून जिवंत झालेला असेल तर उत्तम. समुद्रातून उपटलेला असेल तर तो बहुतेक प्रवाळाचाच असतो, हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली सगळी दगडी प्रवाळं घातली गेली. मालवणचा असो की अंदमानचा, असा दगड म्हणजे गुन्हा आहे, आणि तिथल्या प्रवाळांचं नुकसान झालंय ते वेगळंच.

आता साठवण. साबण किंवा रसायन कधीच न भरलेलं 100 लिटरचं प्लास्टिकचं पिंप घ्या. आरओच्या पाण्यात मरीन सॉल्ट (समुद्री टाक्यांसाठी मिळणारं मीठ) घालून घनता 1.025 करा. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. पाणी 25-26 अंशांवर ठेवा आणि आत एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) सतत फिरता राहू द्या. दगडाच्या फटींतून पाणी खेळलं नाही तर आतून कुजायला लागतो. लाइट नको, शेवाळ माजतं. अंधारात दगडावरचा कोरलाइन या कडक शेवाळाचा गुलाबी-जांभळा थर फिकट पडेल, पण टाकीत लाइट लागला की परत येतो. पाणी आटलं की साधं आरओचं पाणी घाला, कारण मीठ उडून जात नाही.

दगड उचलून वास घ्या. चांगल्या दगडाला समुद्राचा वास येतो. कुजक्या अंड्यासारखा आला किंवा पांढरा बुळबुळीत पापुद्रा दिसला, तर मिठाच्याच पाण्याच्या बादलीत बुडवून टूथब्रशने तो भाग काढा आणि पिंपातलं निम्मं पाणी बदला. पाण्यातला अमोनिया मोजायचं किट जवळ ठेवाच. आकडा शून्यावर आला की दर चार-पाच दिवसांनी चिमूटभर फिशफूड टाकत जा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील.

एक कळकळीने सांगतो: कीड मारायला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. दगडावर बटणांसारखे दिसणारे झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले जीव) असतील तर त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं. त्याच्या वाफेने घरातली माणसं आजारी पडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. ब्रश करतानाही हातमोजे आणि चष्मा घाला.

टाकी झाली की तिच्या पाण्याची घनता आणि तापमान पिंपाशी जुळवून दगड हलवा. मासे लगेच नकोत. आठवडाभर एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा, दोन्ही शून्यावर टिकले तर पहिला मासा आणा.