चाळीस हजारांत एमएमए: राजीनामा देण्याआधी हे वाच

तू खानापूर तालुक्यातला, वय २१. सहा वर्षं कुस्ती, त्यातली शेवटची दोन मॅटवर. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर नोकरी आणि साठवलेले ४०,००० रुपये. नोकरी सोडून बेंगळूरला एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीच्या, जिममध्ये जावं का, आणि गेलोच तर कमी पैशात कसं राहावं, असं विचारलंयस. मी याच भागातला. तीन वर्षं बेंगळूरला काढली, सात लढती खेळलो. आता परत मशीनवर आहे आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत पोरांना शिकवतो.

पैसे संपले म्हणून परत आलेली बरीच पोरं मी पाहिलीत. त्यांतली उधळी थोडीच होती. बाकीच्यांनी काटकसर केली, पण खाण्यात आणि औषधपाण्यात केली, आणि खोली-जिमवर हात सैल सोडला. मीही तेच केलं होतं.

बेंगळूरला खोली घेताना घरमालक पाच-पाच, कधी दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स मागतो. तुझे चाळीस हजार तिथंच अडकतील. मी एकट्यानं खोली घेतली, आणि सूट मिळते म्हणून जिमची वर्षाची फी एकदम भरली. तिसऱ्या महिन्यात ज्याच्यासाठी गेलो होतो तो कोचच जिम सोडून गेला. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: फी महिन्याचीच भर, कितीही सूट देऊ देत. आणि खोली चौघांत घे.

पण माझं खरं उत्तर असं आहे की अजून एक वर्ष तू तिथं राहायला जाऊच नको. जे शिकायला बेंगळूरला महिन्याला हजारो रुपये मोजावे लागतात, त्यातलं निम्मं तुझ्या तालमीत फुकट आहे. जोर, बैठका, दोर चढणं, मानेची ताकद, एकेरी पट, दुहेरी पट (एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं), कंबर धरून पाडणं. शहरातल्या पोरांना हे यायला वर्षं लागतात.

तालमीत जे नाही, त्यालाच पैसे घाल. एक, ठोसे आणि लाथा. दुसरं, पाठीवर पडून लढणं. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला, म्हणून आपलं अंग आपोआप पोटावर वळतं. एमएमएत ही सवय घात करते. पोटावर वळलास की समोरचा पाठीवर चढतो आणि मागून गळ्याला हात घालतो. माझ्या पहिल्या दोन्ही लढती मी अशाच हरलो. दुसरा धोका पट काढताना. डोकं खाली घालून शिरलास की मान त्याच्या काखेत जाते. भरत खंडारे हा आपला कुस्तीतून आलेला मराठी मल्ल २०१७ च्या नोव्हेंबरात शांघायला यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, उतरला, आणि चीनच्या सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत त्याला गिलोटिन चोक लावून, म्हणजे मान काखेत धरून गळा आवळून, हरवलं. ती लढत पाहून ठेव. जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पडून लढायची कला, शिकवणाऱ्याला दिलेला पैसा वाया जात नाही तो यासाठी.

हे शिकायला राहायलाच जायला पाहिजे असं नाही. बेंगळूर ५०० किलोमीटरवर आहे, रात्री रेल्वेत बसलास की सकाळी तिथं. तीन महिन्यांतून एकदा आठ दिवसांची रजा टाकून जा. बऱ्याच जिममध्ये दिवसाची किंवा आठवड्याची फी घेतात, आधी फोन करून विचार. रोजचा एक डाव वहीत लिहून आण आणि पुढचे तीन महिने तालमीतल्या जोडीदाराबरोबर तेवढाच घोट. माझा पाठीवरचा खेळ तीन वर्षांच्या मुक्कामात जेवढा सुधारला नव्हता, तेवढा परत आल्यावर अशा फेऱ्यांनी सुधारला.

नोकरी धरून ठेवायला आणखी एक कारण आहे. तुझा पगार २१,००० च्या आत असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विम्यात) असेल, तर तुझ्या नावाचं कार्ड असणारच. गुडघा तालमीत दुखावला तरी ईएसआयमध्ये उपचार होतात, कामावरच दुखावला पाहिजे असं काही नाही. गुडघ्याचा लिगामेंट तुटला की खासगीत किती खर्च येतो ते चौकशी करून बघ, म्हणजे त्या कार्डाची किंमत कळेल. राजीनामा दिलास की थोड्याच काळात तेही जातं.

आता खाणं. इथं एक रुपयाही कापायचा नाही. पण महाग खाणं आणि चांगलं खाणं यात फरक आहे. तू ६६ किलोचा आहेस, म्हणजे दिवसाला साधारण ११० ते १३० ग्रॅम प्रोटीन पुरे. एक लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम, सहा अंड्यांत ३६, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २६, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५. बेरीज ११९ झाली, आणि डाळ, हुलग्याची उसळ, भाकरी अजून धरलेलीच नाही. आजच्या भावात हे सगळं शंभर-सव्वाशे रुपयांत बसतं. प्रोटीन पावडरच्या डब्यावर मी जे घालवलं त्यात महिनाभराचं दूध आलं असतं. बदामाची थंडाई परवडत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नको, शेंगदाणे भिजवून खा.

ताकदीला आपल्याकडं रताळी आहेत. बेळगाव-खानापूरच्या पश्चिम पट्ट्यातली रताळी बाहेरच्या राज्यांत ट्रकनं जातात आणि आपली पोरं ओट्सची पाकिटं विकत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हंगामात पोतंभर घे, रात्री उकडून ठेव, सकाळी मेहनतीआधी दोन खा. ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा. खोलीवर गॅस नसेल तर खानावळीत भाकरी-पल्ल्याचं (भाजीचं) जेवण घे आणि अंडी वेगळी उकडून ने.

माउथगार्ड चांगला घे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या रक्ततपासण्या वेळेवर कर, लढतीला मागतातच. आणि कातडी सांभाळ. मॅटवरून मला नायटा झाला, डॉक्टरचे पैसे वाचवायला मेडिकलमधून एक मलम आणलं. त्यात स्टिरॉइड होतं. आठ दिवस बरं वाटलं, मग अंगभर पसरलं आणि चार महिने सराव बंद. सरावानंतर लगेच साबणानं आंघोळ, कपडे रोज धुतलेले, टॉवेल स्वतःचा. एवढ्याला खर्च नाही. डोक्याला मार बसून गरगरलं, तर त्या दिवशी आणि पुढं डॉक्टर सांगेपर्यंत स्पारिंग (सरावाची लढत) नाही, जिममध्ये कोणी काहीही म्हणो.

वजन तोडण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगतो. पाणी बंद करून सात-आठ किलो उतरवणारी पोरं भेटतील. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या लढतीआधी वजन उतरवताना गेला. तो २१ वर्षांचा होता, तुझ्याएवढा. ज्या वन चॅम्पियनशिपच्या स्पर्धेत तो लढणार होता, तिनं त्यानंतर वजनाचे नियम बदलले. तू ६६ चा आहेस, तर फेदरवेट गटात, म्हणजे ६५.८ किलोत, लढ. खालच्या गटात सोपं जाईल या सल्ल्याला भुलू नको.

कमाईचं सरळ सांगतो. अमॅच्युअर, म्हणजे हौशी, लढतीला पैसे मिळत नाहीत, प्रवास आपल्याच खिशातून. व्यावसायिक झाल्यावरही सुरुवातीची बिदागी महिनाभर पुरली तर नशीब. जत्रेच्या मैदानांतल्या इनामी कुस्त्या तुला यातून जास्त देतील, त्या सोडू नको. फक्त एमएमएची लढत ठरली असेल तर आधीचे सहा आठवडे मैदानाला नाही म्हण. इनामाच्या हजार-दोन हजारांसाठी मी एकदा खांदा उतरवून घेतला आणि ठरलेली लढत गेली.

वडिलांना काय सांगू, असंही लिहिलंयस. नोकरी सुटणार नाही हे आधी सांग, बाकीचं त्यांना ऐकू येईल. चाळीसमधले पंधरा हजार दुखापतीसाठी आईच्या खात्यावर टाक आणि त्याला हात लावू नको. दसऱ्याला कारखाना बंद असतो, त्याला चार दिवसांची रजा जोड आणि पहिली फेरी करून ये. काय शिकलास आणि नेमके किती गेले ते लिही, पुढच्या वर्षाचा हिशोब त्या आकड्यावर बसवू.