जॅझमधील उत्स्फूर्त वादन शिकताना आधी स्केल घोटावेत की कॉर्ड?

पियानोवर जॅझ शिकू पाहणाऱ्याने स्केल (ठरावीक क्रमाने चढणारी-उतरणारी स्वरमालिका) आणि कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) या दोन्हींचा सराव पहिल्या दिवसापासून एकत्रच करावा, असे माझे ठाम मत आहे, कारण जॅझमध्ये सुरावटीखालची कॉर्ड सतत बदलत असते आणि नुसते स्केल घोटलेल्या वादकाला तो बदल बोटांतून दाखवता येत नाही.

सी मेजर स्केलमधील कॉर्डचा सर्वांत प्रचलित क्रम घ्या: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. डाव्या हाताने प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा स्वर तेवढा वाजवा, म्हणजे आधी एफ व सी, मग एफ व बी, शेवटी ई व बी. पहिल्या बदलात सी अर्ध्या स्वराने उतरून बी होतो, दुसऱ्या बदलात एफ उतरून ई होतो आणि उरलेला स्वर जागेवरच राहतो. हे दोन उतार कानात बसले की उजव्या हाताने लहान सुरावटी रचा आणि कॉर्ड बदलते त्या मात्रेवर नेमका उतरलेला स्वर येईल असे पाहा. डावा हात थांबवल्यावरही कॉर्डचा बदल स्पष्ट ऐकू आला, तर सराव योग्य दिशेने चालला आहे. पुढे हाच क्रम बाराही स्वर आळीपाळीने आधारस्वर धरून, अगदी संथ लयीत वाजवावा.

याच्या जोडीला थोरांचे वादन कानाने उचलणे अपरिहार्य आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने १९३७ च्या उन्हाळ्यात आपल्याहून ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो (एकल वादनाचे तुकडे) ध्वनिमुद्रिकांवरून असेच आत्मसात केले होते. निवडलेला तुकडा आधी गळ्यातून बिनचूक गाता यावा आणि मगच तो वाद्यावर शोधावा.