सी हॅरियरच्या मॉडेलसाठी आफ्टरमार्केट डिकल घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की १/७२चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, सी हॅरियर लढाऊ विमान भारतीय नौदलाच्या रंगात करायचंय, आफ्टरमार्केट डिकल (किटबाहेर वेगळे विकत मिळणारे, पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील निशाणांचे कागद) महाग पडतात, तर घ्यावेत का, आणि डिकलखाली चंदेरी डाग येतात त्याचं काय करावं.

घ्या. किटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांच्या डब्यात, बहुतेक वेळा ब्रिटिश निशाणंच असतात, त्यामुळे दुसरा मार्गही नाही. पण पैसे भरण्याआधी डिकलच्या शीटचा फोटो मोठा करा आणि त्यावरची देवनागरी अक्षरं वाचा. नुसती बघू नका, एकेक अक्षर वाचा.

माझं घर गोव्यात चिखलीला. दाबोळीचा आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ शेजारीच. डिसेंबर १९८३मध्ये पहिली सी हॅरियर तिथे उतरली तेव्हा मी चौथीत होतो. ते विमान हवेत जागच्या जागी थांबून खाली उतरायचं आणि तो आवाज थांबेपर्यंत आमच्या बाई हातात खडू धरून गप्प उभ्या राहायच्या. २०१६मध्ये ती निवृत्त झाली. त्याच वर्षी मी ठरवलं, ३०० स्क्वाड्रनचं, शेपटीवर पांढरा वाघ असलेलं एक तरी विमान स्वतःच्या हाताने करायचंच.

परदेशातून शीट मागवली. छपाई सुरेख होती. राउंडेलचा, म्हणजे विमानावरच्या गोल राष्ट्रीय निशाणाचा, केशरी बाहेर, हिरवा मध्ये, रंग एकमेकांवर जराही सरकलेले नाहीत. शीटवर दोन विमानांची निशाणं होती. वरचा गडद करडा रंग, पोटाचा पांढरा, त्यावर ग्लॉस (चकचकीत वार्निश), सगळं करून मी डिकल लावले आणि मॉडेल बाबांना दाखवायला नेलं. बाबांनी आयुष्यभर वास्कोत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, देवनागरी आणि रोमन दोन्ही. त्यांनी चष्मा वर करून मॉडेल खिडकीपाशी धरलं आणि विचारलं, "नोसेना म्हणजे काय रे?"

'नौसेना'तल्या औकाराच्या दोन मात्रांपैकी एकच छापली होती. मी ती शीट महिनाभर रोज बघत होतो, पण मला दिसली नव्हती.

कंपनीला लिहिलं. पुढच्या छपाईत दुरुस्त करू, असं उत्तर आलं. त्यानंतर दोन वर्षांनी एका मित्राने तीच शीट मागवली, तर तीच चूक. हा मित्र मला म्हणाला, "दोन फुटांवरून कोणाला दिसतंय?" यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. करडा रंग एक छटा गडद झालाय का यावर हाच माणूस पंधरा दिवस वाद घालतो, रिव्हेट मोजतो! 'नेव्ही' या रोमन शब्दातलं एक अक्षर गळालं असतं तर त्याने शीट परत पाठवली असती. आपली लिपी मात्र नक्षीसारखी वाटेल तशी चालते? विमान वीस सेंटिमीटरचं असो नाहीतर खरं साडेचौदा मीटरचं, त्यावरचा शब्द हा शब्दच असतो.

मी काय केलं ते सांगतो, तुम्हालाही लागेल. शीटवरच्या दुसऱ्या विमानाच्या शब्दात दोन मात्रा होत्या, एक 'नो'ची, एक 'से'ची. नव्या ब्लेडने 'से'ची कापली, ती पाण्यात गुंडाळली गेली आणि वाया गेली. मग 'नो'ची कापली. आधीचा शब्द रात्रभर वाळू दिला होता. जागेवर मायक्रो सेटचा (डिकल चिकटवायला मदत करणाऱ्या द्रावणाचा) थेंब, त्यावर ओल्या टूथपिकच्या टोकाने पापणीच्या केसाएवढी ती मात्रा सरकवत नेली. चिमटा वापरू नका, चिकटून येते. बसल्यावर अर्ध्या तासाने मायक्रो सोलचा (डिकल मऊ करून पृष्ठभागावर बसवणाऱ्या द्रावणाचा) हलका हात. बाबांनी पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "जरा उभी बसलीय, पण आता वाचता येतं."

घरच्या प्रिंटरवर नवीन शब्द छापू म्हणाल तर साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, आणि गडद करड्यावर पांढरी अक्षरं लागतात. म्हणून हा उपद्व्याप.

आता तुमचे चंदेरी डाग. डिकलखाली हवा अडकते, कारण मॅट रंग खरखरीत असतो. आधी ग्लॉस मारा आणि तो पुरता वाळू द्या. बऱ्याच आफ्टरमार्केट शीटवर कॅरियर फिल्म (निशाणं ज्यावर छापतात तो पारदर्शक पातळ थर) सलग असते, तेव्हा प्रत्येक निशाण कडेला लागून कापा. डाग पडलाच तर सुईने टोचून वरून मायक्रो सोल सोडा. पावसाळ्यात आपल्याकडे लॅकर ग्लॉस मारू नका, दमट हवेत पांढरट धुरकट होतो. शीट सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद पिशवीत ठेवा. पिवळी पडली तर खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवा, बरीच उजळते.

एक सांगायचं राहिलं. निशाणं कुठे बसतात हे बघायला बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जरूर जा, सी हॅरियर अंगणात उभं आहे. पण त्याच्या रंगावर डोळे झाकून विसंबू नका, उघड्यावरची विमानं पुन्हा पुन्हा रंगवली जातात. सुरुवातीच्या वर्षांचं गडद करडं-पांढरं विमान आणि नंतरचं पूर्ण करडं, यांची निशाणं एकसारखी नाहीत. त्या त्या काळातला फोटो समोर ठेवा. आणि हे तुमचं पहिलंच मॉडेल असेल तर महागड्या शीटला हात लावण्याआधी किटमधले ब्रिटिश डिकल एखाद्या जुन्या पंखावर लावून बघा, तसेही ते वाया जाणारच आहेत.