लिफ्टमध्ये रेंज जाते, मग वजन का नाही जात?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, तिचा फिजिक्सचा अभ्यास घेताना न्यूटनचं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र आणि कूलंबचं विजेचं सूत्र शेजारी शेजारी लिहिलं तर दोन्ही सेम टू सेम! वस्तुमानाच्या जागी चार्ज, बाकी खाली अंतराचा वर्ग तसाच. मग ही दोन वेगळी बलं कशी? आणि विजेला आडोसा करता येतो तसा गुरुत्वाकर्षणाला का नाही करता येत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सूत्रं सारखी दिसतात हे बरोबर आहे. दोन्ही बलं लांबवर पोचतात आणि चहूबाजूंनी पसरत जाताना अंतराच्या वर्गाने कमी होतात, म्हणून खालचा भाग सारखा. खरी गंमत वर काय बसलंय त्यात आहे. चार्ज दोन प्रकारचा असतो, धन आणि ऋण, वस्तुमान मात्र एकाच प्रकारचं. म्हणजे विजेच्या खात्यात जमा आणि खर्च दोन्ही, आणि गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात नुसतं जमाच. माझ्या मते या एका फरकातून बाकीचं बरंचसं निघतं.

आता ताकद बघा. १-१ किलोचे दोन गोळे १ मीटरवर ठेवले तर त्यांच्यातली ओढ इतकी फालतू की एका ग्रॅमचे १५ कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचं जेवढं वजन तेवढी. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांची अशी ओढ मोजली तेव्हा सगळं उपकरण खोलीत बंद करून तो बाहेरून दुर्बिणीने बघत होता, कारण आत नुसतं कोणी उभं राहिलं तरी अंगाच्या उष्णतेने हवा हलून काटा बिघडला असता. आणि १-१ कूलंबचे (कूलंब हे चार्ज मोजायचं एकक) दोन चार्ज तेवढ्याच अंतरावर ठेवलेत तर? साधारण ९ लाख टन वजनाएवढं बल! अर्थात एवढा चार्ज एका जागी साठवून ठेवता येत नाही, तो ठिणगी होऊन पळतो. हायड्रोजनच्या अणूत तर इलेक्ट्रॉन-प्रोटॉनमधलं विजेचं बल गुरुत्वाकर्षणाच्या २ वर ३९ शून्यं इतके पट आहे.

मग एवढं मरतुकडं बल ग्रह-तारे कसं काय चालवतं? कारण पृथ्वीत धन आणि ऋण जवळपास तंतोतंत सारखे, हिशोब शून्यावर येतो, आणि वस्तुमान नुसतं साचत जातं.

आडोशाचंही तेच. लिफ्टच्या पत्र्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, बाहेरून विद्युतक्षेत्र आलं की ते सरकतात आणि उलटं क्षेत्र तयार करून आतलं मारून टाकतात, म्हणून फोनची रेंज जाते. मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये लंडनला १२ फुटी पिंजरा बांधून हेच दाखवलं होतं, बाहेर ठिणग्या उडतायत आणि हा आत आरामात बसलाय! गुरुत्वाकर्षणाला असं उलटं क्षेत्र बनवायला ऋण वस्तुमान लागेल, ते आणणार कुठून? पत्रा सोडा, अख्खी पृथ्वी आडवी आली तरी फरक नाही, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला जी लायगो वेधशाळा होणार आहे तिथे गुरुत्वलहरी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाटा, जमिनीखालून, पृथ्वीच्या आरपार आल्या तरी पकडता येतील.

अजून एक फरक मुलीला जरूर सांगा. एकाच विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सोडले तर बल सारखंच, पण दिशा उलट, आणि इलेक्ट्रॉनचं त्वरण १८३६ पट जास्त (फॅरडेच्या सालाशी आकडा जुळला हा निव्वळ योगायोग हं). गुरुत्वाकर्षणात असला भेदभाव नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदमच पडले. सगळं सारखंच पडतं म्हटल्यावर आइन्स्टाइनने १९१५ मध्ये सरळ मांडलं की गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाचं वाकणं. विजेच्या बाबतीत असं म्हणता येत नाही, तिथे कोण किती ओढलं जाईल ते ज्याच्या त्याच्या चार्जवर आणि वस्तुमानावर ठरतं.

आता मुलगी नक्की विचारेल, मग प्रतिद्रव्य (नेहमीच्या कणांच्या उलट चार्जच्या जुळ्या कणांचं बनलेलं द्रव्य) तरी वर पडत असेल का? तेही बघून झालंय. २०२३ मध्ये निकाल जाहीर झालेल्या, सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अल्फा-जी प्रयोगात प्रतिहायड्रोजनचे अणू उभ्या चुंबकीय सापळ्यातून सोडले, तर बहुतेक खालीच गेले. त्वरण नेमकं किती यात अजून बरीच मोठी त्रुटी आहे, पण वर पडत नाही हे नक्की.