गोव्यात सुटे भाग घरी जोडायच्या (फ्लॅट-पॅक) कपाटाचे स्क्रू गंजतात, बदलताना कोणते घ्यावेत?

खोक्यातले स्क्रू बहुतेक जस्ताचा पातळ मुलामा दिलेले साधे पोलादी असतात. खाऱ्या हवेत तो मुलामा लवकर जातो. फोंडा-डिचोलीकडे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरे. मिरामार, कोलव्याला किनाऱ्यालगत राहत असाल तर ३१६ घ्या. त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला दाद देत नाही. दुकानात लोहचुंबक लावून बघा; घट्ट चिकटला तर तो ३०४ही नाही, ३१६ही नाही. जिप्सम बोर्ड ठोकायचे काळे स्क्रू मात्र फुकट मिळाले तरी नकोत. ठिसूळ असतात, गंजतातही.

पण खरी गोम बोर्डात आहे. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) ओल धरून फुगला की भारीतला स्क्रूही भोकात नुसता फिरत राहतो. तिथे जाड आट्यांचा ७ × ५० मिमीचा कन्फर्मॅट स्क्रू वापरा, आधी ५ मिमीचं भोक पाडून. शेवटचे आटे हातानेच आवळा. स्टेनलेस मऊ असतं, ड्रिल मशीनने डोक्याची खाच झिजते. बिजागऱ्याही स्टेनलेसच्या मागा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.