फराळाच्या धंद्यात चॅटजीपीटी वापरताना

ताई, पहिल्याच दिवशी सगळा धंदा चॅटजीपीटीच्या, म्हणजे सांगाल ते लिहून देणाऱ्या एआय टूलच्या, हाती देऊ नका. आधी त्याच्याकडून व्हॉट्सॲपचे मेसेज लिहून घ्या. नुसतं ‘चकलीची जाहिरात दे’ म्हटलंत तर गुळमुळीत मजकूर येतो. भाजणी घरची, पाव किलोचं पाकीट, भाव, ऑर्डरची शेवटची तारीख, सगळं सांगा. आलेली मराठी मोठ्याने वाचा. पुस्तकी वाटली तर आपल्या बोलीत बदला.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते तिथे अजिबात टाकायचे नाहीत.

हिशेबात जास्त जपा. तेल, गॅस, पॅकिंग, मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी धरून दर काढायला एक्सेलचं सूत्र मागा, बेरीज एक्सेललाच करू द्या. लेबलवरचा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक मात्र स्वतःच्या कागदावरूनच घाला, कारण हे टूल आकडे बिनदिक्कत रचून देतं.