ठाण्यातली बेने इस्राएल नवरी, अश्केनाझी नवरा: कोणता विधी कधी आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ठाण्याच्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरातली. मुलगा इस्राएलमध्ये वाढलेला, वडील पोलंडकडचे अश्केनाझी (युरोपातल्या वळणाचे ज्यू), आईची आई कोचीनच्या ज्यूंतली. लग्न ठाण्यात, डिसेंबर 2026 किंवा मे 2027. मेहंदी, मलिदा (गोड पोह्यांचा आभार-विधी), नवरीचे नवऱ्याभोवती सात फेरे, नवरीचा चेहरा झाकणं, यिहूद (लग्न लागल्यावर दोघांनी थोडा वेळ एकांतात बसणं), आजीची मल्याळम गाणी हे सगळं हवंय आणि कोणाला दुखवायचं नाहीये.

सगळं बसतं. अट एकच, दोन रीती एकाच क्षणात घुसवायच्या नाहीत. ज्यानं धर्माप्रमाणे लग्न लागतं ते अंगठी, दोन साक्षीदार, केतुबा (लेखी विवाहकरार) आणि सात आशीर्वाद एवढंच. हा गाभा एकाच माणसाच्या हातात द्या, तुमचा हाझान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा) किंवा त्यांचा रब्बी (धर्मगुरू), आणि तो ज्या परंपरेचा असेल त्याप्रमाणेच होऊ द्या. दोघांनी अर्धं-अर्धं वाटून घेतलं की हुप्पाखाली (लग्नाच्या छताखाली) कुजबुज सुरू होते. बाकी सगळ्या चालीरीती आहेत, त्यांना वेगवेगळी वेळ द्या.

आधी तारीख. मे 2027 मनातून काढून टाका. पेसाहचा सण 22 ते 29 एप्रिलला आहे आणि त्यातच ओमेरचे दिवस सुरू होतात, म्हणजे शावुओथच्या सणापर्यंत मोजायचे 49 दिवस, ज्यांत बराच काळ लग्नं होत नाहीत. अश्केनाझी लाग बाओमेरपर्यंत (ओमेरचा तेहतिसावा दिवस), म्हणजे 25 मेपर्यंत लग्न करत नाहीत, सेफार्दी रीतीनं (ज्यूंची दुसरी मोठी परंपरा, बेने इस्राएल याच वळणाचे) 26 मेची सकाळ उजाडावी लागते. काही अश्केनाझी घरं ओमेरचे दिवस वेगळ्या हिशेबानं पाळतात आणि त्यांना शावुओथच्या जवळ येईपर्यंत चालत नाही. उरलेल्या पंधरवड्यात पावसाची धास्ती. डिसेंबर 2026 बरा. 5 ते 12 डिसेंबर हनुक्काचा सण आहे, त्यात लग्नाला हरकत नाही. सापळा आहे तो 20 डिसेंबरचा. रविवार म्हणून हॉलवाले तोच आधी सुचवतात आणि त्याच दिवशी तेबेथ महिन्याच्या दहाव्या तिथीचा उपास आहे. मंगळवार शुभ मानायचा असेल (बायबलात उत्पत्तीच्या तिसऱ्या दिवशी 'चांगलं आहे' दोनदा म्हटलंय म्हणून) तर 8, 15 किंवा 22 तारीख मिळते. मात्र मंगळवार सूर्यास्ताला संपतो. त्या दिवसांत मुंबई-ठाण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. केतुबावर सही साडेपाचला आणि हुप्पा पावणेसातला असं झालं तर केतुबावर आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि लग्न लावणारा जाणता असेल तर तिथेच अडून बसेल. एक तर सगळं साडेपाचच्या आत उरका, नाहीतर सहीसुद्धा साडेसहानंतर करा आणि तारीख बुधवारची घाला. 'मुहूर्त सहाचा' असं पत्रिकेत छापू नका.

मेहंदी हा खरा अडचणीचा मुद्दा आहे. आपल्याकडे ती आदल्या रात्री, नवरा-नवरी दोघं बसतात, नवरी हिरव्या साडीत, हिरवा चुडा, नवऱ्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला मेहंदी. अश्केनाझी घरांत लग्नाआधीचा आठवडा नवरा-नवरी एकमेकांना भेटत नाहीत. सासरकडून 'तो येणार नाही' असं कळलं की इकडे त्याला अपमान समजतात, तिकडे मात्र तो नेमच आहे. दोन वाटा आहेत. मुलाचे आईवडील सैल असतील तर विचारून घ्या, कारण ही चाल आहे, कायदा नव्हे, आणि बरेच लोक फक्त लग्नाचा दिवसच पाळतात. ते ठाम असतील तर मेहंदीचे दोन भाग करा. आठ दिवस आधी मलिद्याबरोबर दोघांना बसवून बोटाला मेहंदी, चुडा, ओटी, घरच्यांचं गाणंबजावणं. आणि लग्नाच्या एक-दोन दिवस आधी फक्त बायकांत नवरीच्या हातापायांवर नक्षीची मेहंदी. एकदाच आठ दिवस आधी काढली तर लग्नापर्यंत रंग उडालेला, ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. आजीची मल्याळम गाणी या बायकांच्या रात्रीला ठेवा. कोचीनला लग्नातली गाणी बायकाच म्हणत, आणि मराठी मेहंदीच्या गाण्यांशेजारी ती शोभतात. हुप्पाखाली आणली तर त्यांच्याकडच्या कडक पाहुण्यांना पुरुषांसमोर बाईनं गाण्याचा प्रश्न पडेल, आणि तिथे वेळही नसतो.

मिक्वेचं (शुद्धीच्या कुंडातलं) स्नान नक्षीच्या मेहंदीच्या आधी व्हावं. मेहंदीचा रंग अडथळा धरत नाहीत, पण सुकलेल्या लेपाचे कण, नेलपॉलिश, चिकटवलेली नखं हे सगळं आड येतं. स्नानाची तारीख पाळीच्या हिशेबावर ठरते, म्हणून लग्नाची तारीख पक्की करण्यापूर्वी मुलीनं आपला अंदाज जाणत्या बाईशी बोलून घ्यावा.

मलिदा दोन्हीकडच्यांना चालतो, त्यात ना दूध ना मांस. पंचवीस माणसांना वाटण्यापुरता घ्यायचा तर एक किलो जाडे पोहे, तीन नारळांचा चव, चारशे ग्रॅम साखर किंवा चिरलेला गूळ, वेलची-जायफळ, काजू-बदाम-बेदाणे. पोहे धुऊन लगेच निथळा. भिजत ठेवले की लगदा होतो, आणि गूळ घातला तर त्याला पाणी सुटून तो आणखी बसतो. भोवती पाच फळं, शिवाय वासाच्या आशीर्वादासाठी गुलाब किंवा सब्जाची डहाळी. एलियाहू हनाबीचं नाव घेऊन करायचा असल्यामुळे पाहुण्यांना दोन वाक्यांत सांगा की हा संदेष्ट्याच्या नावानं केलेला आभार-विधी आहे, फळांवर नेहमीचेच आशीर्वाद म्हणतात. ताट आणि नारळ पाहून नवख्या माणसाला ती पूजा वाटते आणि तो अवघडून उभा राहतो.

शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या) बाबतीत नशीब चांगलं आहे. अश्केनाझी नवऱ्याला लग्नाच्या आधीच्या शब्बाथला तोरासमोर (धर्मग्रंथाच्या गुंडाळीसमोर) बोलावतात, सेफार्दी वळणाच्या समाजांत नवऱ्याचा शब्बाथ लग्नानंतर येतो. आधीचा मुलाकडच्यांना द्या, नंतरचा तुमच्या सिनेगॉगला.

उपासाचंही आधी बोला. अश्केनाझी नवरा-नवरी लग्नाच्या दिवशी हुप्पापर्यंत उपाशी असतात, बऱ्याच सेफार्दी समाजांत तसा नेम नाही. एकटा नवरा उपाशी आणि नवरीच्या घरी सकाळी पुरणपोळ्या, असं चित्र नको.

आता हुप्पा. आपल्याकडे लग्न सिनेगॉगच्या आत, हेखालसमोर (तोरा ठेवायच्या कपाटासमोर). अश्केनाझींना उघडं आकाश हवं. आवार असेल तर आवारात घ्या, डिसेंबरमध्ये पावसाची भीती नाही. खाली आठ माणसं उभी राहणार (नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईबाप, लग्न लावणारा आणि एक साक्षीदार, दुसरा कडेला चालतो), म्हणून मांडव अडीच बाय अडीच मीटरचा हवा. नुसता तालीत (प्रार्थनेची शाल) छत म्हणून ताणला तर दोन माणसांपुरताच होतो. खांब माणसांनी धरायचे असतील तर चौघं समान उंचीचे निवडा, आणि फुलांच्या माळा खालच्या अर्ध्यावर बांधा, वर बांधल्या की खांब कलतात.

क्रम असा बसतो. आधी चेहरा झाकणं, आतल्या खोलीत. पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावर आणि वर जाळीचा घुंघट असं दोन्ही करायचं तर जाळी अंबाड्याच्या वर दोन कंगव्यांनी पक्की करा आणि गजरा त्याखाली माळा. उलट केलं तर नवरा जाळी पुढे ओढतो तेव्हा गजरा घेऊनच येते. मग नवरा हुप्पाखाली. त्याच्या डोक्यावर शेहरा असेल तर इथे काढून ठेवा. अंगावर तो पांढरा किट्टेल (झगा) घालणार की नवा तालीत ओढणार, हे त्याच्या वडिलांना विचारा, दोन्ही एकावर एक नकोत. नवरी येताना नवऱ्यानं 'योनाती झिव यिफाथेख' हे गाणं म्हणणं ही आपली सर्वांत देखणी चाल, ती सोडू नका. मुलाला हिब्रू येते, चाल मात्र येत नसते. हाझानकडून ध्वनिमुद्रण घेऊन दोन महिने आधी पाठवा. गाणं संपताना नवरी हुप्पाच्या कडेला पोचलेली हवी, तिथून ती सात फेरे सुरू करते. फेऱ्यांना नवऱ्याभोवती पाऊण मीटर मोकळी जागा लागते, तेबावर (सिनेगॉगमधल्या चौथऱ्यावर) ती मिळत नाही, म्हणून खाली जमिनीवर उभे राहा. आशीर्वादाच्या पेल्याचं टेबल फेरे संपल्यावर आत आणा.

पेल्यात काय, हाही वाद होतो. मनुकांचं सरबत आपल्याकडे चालत आलेलं आहे आणि योग्य केलं तर त्यावर द्राक्षाचाच आशीर्वाद म्हणतात. अर्धा किलो काळ्या मनुका, सव्वा लिटर पाणी, रात्रभर भिजवून सकाळी कुस्करून गाळा. मनुका दाबल्यावर रस येईल अशा मऊ असाव्यात आणि पाण्याच्या मानानं फार कमी नकोत. पातळ पाणी झालं तर रब्बी नाकारेल. तो मुळातच राजी नसेल तर कोशेर (ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या) द्राक्षरसाची एक बाटली जवळ ठेवा, भांडण मिटतं.

अंगठी साधी, सोन्याची, खड्याशिवाय, आणि मुलाच्या मालकीची. मुलीच्या वडिलांनी घेतली असेल तर आधी त्याला रीतसर भेट द्यावी लागते. ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटात जाते. नवरीनं नवऱ्याला अंगठी घालायची असेल किंवा मंगळसूत्र घालायचं असेल तर दोन्ही सात आशीर्वाद झाल्यावर, शक्यतो स्वागतसमारंभात. आधी किंवा त्याच क्षणी केलं तर लग्न नक्की कोणत्या वस्तूनं लागलं हा प्रश्न उभा राहतो आणि साक्षीदार गोंधळतात. साक्षीदार दोघं, नवऱ्याचे, नवरीचे किंवा एकमेकांचे नातलग नकोत. ठाण्या-मुंबईच्या आपल्या समाजात प्रत्येक जण कोणाचा तरी मावसभाऊ निघतो, तेव्हा नावं महिनाभर आधी तपासा आणि एक राखीव ठेवा.

केतुबाचा मजकूर लग्न लावणाऱ्याचा. सेफार्दी पद्धतीत वाढीव रक्कम ठरवून लिहितात आणि नवराही सही करतो, अश्केनाझीत ठरीव आकडा असतो. ठाणे, मुंबई ही नावं हिब्रू अक्षरांत कशी लिहायची यावर वेळ घालवू नका, सिनेगॉगकडून जुनी केतुबा मागा आणि तेच अक्षरलेखन उचला. वाचन पुरं अरामीत होऊ द्या, नंतर एक मिनिटाचा मराठी सारांश.

सात आशीर्वाद हुप्पाखाली लग्न लावणाऱ्यानंच आपल्या चालीत म्हणावेत. मुलाकडच्या काका-मामांना मान द्यायचा तर जेवणानंतर पुन्हा सात आशीर्वाद होतात, ते त्यांना वाटा. दोन्ही वेळा दहा पुरुष हवेत.

शेवटी नवरा पायाखाली पेला फोडतो, त्याचं एक बारीक. नवरा मोजडी घालणार असेल तर जाड बुडाचा ग्लास ठेवू नका, पाय सरकतो आणि काच तशीच राहते. पातळ काचेचा ग्लास, दुहेरी रुमालात गुंडाळून, वर सेलोटेप. टाच कडक असलेला बूट सर्वांत बरा.

लगेच यिहूद, अश्केनाझी दहा मिनिटं बंद खोलीत बसतात, दारावर साक्षीदार. सेफार्दी ते करत नाहीत. खोलीत पाणी आणि खायला ठेवा, उपास तिथेच सुटतो. फोटोवाल्याला ही दहा मिनिटं आधी सांगा, नाहीतर तो दार वाजवत बसतो.

जेवणात माझं स्पष्ट मत मासळीच्या बाजूनं आहे. दोनशे माणसांना कोशेर कोंबडी म्हणजे पन्नास किलो, शोहेटची (नियमानं कापणाऱ्याची) वेळ, आणि कापल्यापासून 72 तासांच्या आत अर्धा तास भिजवणं, तासभर मीठ, तीनदा धुणं. सुरमई-पापलेट सोपी, खवले असलेली (कोशेर मासळीला खवले लागतात) आणि सर्वांना ओळखीची. सुरमई तुकड्यांसाठी पूर्ण वजनात चाळीस किलो लागते, आणि ती अख्खी, कातडीसकट आणा म्हणजे खवले दाखवता येतील. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी हॉलच्या स्वयंपाकघरातही नकोत. मोठी अडचण भांड्यांची असते, हॉलची भांडी घेऊ नका, सिनेगॉगची किंवा नवी घ्या. सेफार्दी वळणाचे लोक मासळीबरोबर दूध-तूप टाळतात, म्हणून कढी नारळाच्या दुधाची आणि गोडाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला.

कागदपत्रं. इस्राएलमध्ये राहणार असाल तर मुलीच्या आईवडिलांची केतुबा आणि सिनेगॉगचं पत्र आत्ताच काढून ठेवा. बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत हे इस्राएलच्या रब्बीमंडळानं 1964 मध्ये मान्य केलंय, तरी मुलाकडच्या रब्बीला कागद पाहायचा असतो, आणि त्याला आधीच धर्मविधी लावणाऱ्याचं नाव कळवून होकार घ्या. नोंदणीसाठी सोपा मार्ग महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याचा आहे: नमुना ड, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही, 90 दिवसांत. विशेष विवाह कायद्यानं (1954) जायचं तर नोटिशीआधी एकानं त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस. सुट्टी घेऊन येणाऱ्या मुलाला ते जमणार नाही. परदेशी पासपोर्ट असल्यामुळे त्याच्या अविवाहित असल्याचा दाखला मागतात, तो तिकडूनच अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून आणायला सांगा. इथला विवाह दाखला मिळाला की आधी मंत्रालयाचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, आणि दाखल्यावरचं नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का हे खिडकीवरून हलण्याआधी पाहा.